दारू सोडायची, तर मिटिंग कशी गाठायची

दारू सोडायच्या वाटा गावात सगळ्यांना तोंडपाठ असतात. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायची, पंढरीची माळ घालायची, नाहीतर कुणा बाबाकडून अंगारा आणायचा. यातून काही जण खरोखर सुटतात. माळ गळ्यात पडली आणि गुत्त्याची वाट कायमची सुटली, अशी माणसं आपल्या ओळखीत असतात. पण ज्यांची शपथ दर पंधरा दिवसांनी मोडते आणि दर मोडीबरोबर ज्यांना स्वतःचं तोंड पाहायची लाज वाटू लागते, त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. दारू सोडलेल्या, सोडू पाहणाऱ्या माणसांमध्ये ठरलेल्या दिवशी जाऊन बसायचं. याला सगळे ‘मिटिंग’ म्हणतात.

अशा मिटिंगांची जुनी आणि सर्वांत मोठी संघटना म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, बोलीत ‘एए’. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात १९३५ साली दारूनं हैराण झालेले दोघे, एक शेअर बाजारातला आणि एक सर्जन, समोरासमोर बसून बोलले, तिथून ती सुरू झाली. भारतात ती १९५७ पासून आहे. फी नाही, वर्गणी नाही, फॉर्म नाही. दारू सोडायची इच्छा असली की माणूस सभासद झाला. महाराष्ट्रात दुसरं मोठं नाव पुण्याच्या मुक्तांगणचं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या या केंद्रानं उपचारानंतरच्या पाठपुराव्याच्या बैठका आणि रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट ही पद्धत मराठी घरांत रुजवली.

हे टिपण यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसासाठी आहे. त्याची अडचण इच्छेची कमी आणि अंतराची जास्त असते. तालुके सोळा, रस्ते लांब, शेवटची एसटी लवकर सुटणारी. म्हणून या टिपणात मनोनिग्रहाचे धडे नाहीत. फोन, बस, वेळ आणि पैसा यांची व्यवस्था आहे. ती नीट लागली, तर कमी जिद्दीतही माणूस खुर्चीवर जाऊन बसतो, आणि पहिल्या महिन्यात तेवढं पुरतं.

आधी हाताशी ठेवा

- चार्ज केलेला मोबाइल, जमल्यास इंटरनेटसह
- एक छोटी वही आणि पेन
- जाण्यायेण्याचं भाडं, वेगळं बाजूला काढलेलं
- चालू औषधांची चिठ्ठी
- घरातलं किंवा बाहेरचं एक माणूस, ज्याला तुम्ही कुठे जाताय हे ठाऊक असेल
- १४४४६ (व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन), १४४१६ (टेलि-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन), १०४ (राज्याची आरोग्य हेल्पलाइन) आणि १०८ (रुग्णवाहिका) हे चार नंबर, कागदावर लिहिलेले. मोबाइल हरवतो, कागद खिशात राहतो.

पायरी १ : आधी शरीराची सोय

रोज पिणाऱ्यानं, त्यातही सकाळी डोळा उघडताच पिणाऱ्यानं, दारू घरच्या घरी एकदम बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम येतो, ओकाऱ्या होतात, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास नसलेली माणसं दिसू लागतात, भिंतीवर किडे चालताना दिसतात, ताप चढतो, दिवस-रात्रीचं भान जातं. घरचे याला बाहेरची बाधा समजतात आणि मांत्रिक गाठतात. ही बाधा नव्हे, जीव जाऊ शकेल असा आजार आहे आणि दवाखान्यात तो आटोक्यात येतो. फिट आली किंवा भान गेलं, तर थेट १०८ ला फोन करा.

म्हणून मिटिंगआधी डॉक्टर. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथवर जाणं जमत नसेल, तर तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयापासून सुरुवात करा. डॉक्टरांना किती पिता हे कमी करून सांगू नका. रोज दोन पव्वे असतील, तर दोनच सांगा. औषधाचं प्रमाण त्यावर ठरतं.

दोन सावधगिऱ्या. अशक्तपणा आला म्हणून गावात ग्लुकोजची सलाइन लावतात. सतत पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, कमी झालेलं असतं, आणि ते न देता नुसतं ग्लुकोज दिल्यास मेंदूला इजा होऊ शकते. सलाइन लावण्याआधी ‘हे रोज पितात’ एवढं वाक्य डॉक्टरांच्या कानावर घाला. दुसरी गोष्ट चहात किंवा भाजीत गुपचूप मिसळायच्या गोळीची. डायसल्फिरम हे औषध अंगात असताना दारू पोटात गेली, तर रक्तदाब कोसळू शकतो, हृदयावर ताण येतो. हे औषध खाणाऱ्याला माहीत असतानाच, डॉक्टरांच्या देखरेखीत द्यायचं असतं. चोरून देऊ नये.

पायरी २ : मिटिंगचा पत्ता काढा

एए जाहिरात करत नाही, चौकात फ्लेक्स लावत नाही. त्यामुळे गट असूनही दिसत नाही. तो या क्रमानं शोधा.

पहिलं, एएचं भारतातलं मुख्य कार्यालय मुंबईला भायखळ्यात आहे. त्यांच्या संकेतस्थळावर शहरांनुसार हेल्पलाइन मिळतात. फोन उचलणारा स्वतः दारूतून बाहेर पडलेला असतो.

दुसरं, १४४४६ वर फोन करून जिल्ह्यातली आणि शेजारची सरकारी मदत मिळणारी व्यसनमुक्ती केंद्रं विचारा. केंद्राला आणखी एक प्रश्न टाका, ‘तुमच्याकडे उपचार झालेले लोक पुढे कुठे बसतात?’ भरती व्हायचं नसलं तरी हा प्रश्न विचारता येतो.

तिसरं, सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातले समुपदेशक. त्यांना जिल्ह्यातले गट ठाऊक असण्याची शक्यता सर्वांत जास्त. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्यानं ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, त्यात यवतमाळ आहे. गावातल्या आशाताईंकडूनही या समुपदेशकापर्यंत पोहोचता येतं.

चौथं, जिल्ह्याची हद्द विसरा. वणीच्या माणसाला यवतमाळपेक्षा चंद्रपूर जवळ, उमरखेडच्या माणसाला नांदेड. कळंबहून वर्धा, नेरहून अमरावती, पांढरकवड्याहून आदिलाबाद किंवा महामार्गानं सरळ नागपूरही गाठता येतं. शेजारच्या शहरात मिटिंग गाठण्याचा एक छुपा फायदाही आहे. तिथे ओळखीचं कुणी भेटण्याची भीती कमी.

वर्ध्यात दारूबंदी आहे म्हणून तिथे जाऊन दारू सुटेल, असं मात्र समजू नका. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ बंदी होती. त्या काळात पिणाऱ्यांनी वर्धा नदी ओलांडून वणी गाठली. दुकान लांब गेलं, तरी तलफ माणसाबरोबर प्रवास करते.

पाचवं, ऑनलाइन मिटिंग. कोरोनाच्या काळापासून मराठी आणि हिंदीतही झूमवर मिटिंगा भरतात. कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकता येतं. झरी-जामणी किंवा घाटंजीच्या आतल्या पोडावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, राहणाऱ्यासाठी, आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्या पिणाऱ्या बाईसाठी, सुरुवात इथूनच सोपी.

पायरी ३ : फोनवर काय बोलायचं

पहिला फोन सर्वांत जड जातो. वाक्य आधी वहीत लिहा आणि वाचून दाखवा: ‘नमस्कार भाऊ, मी यवतमाळ जिल्ह्यातून बोलतो. मला दारू सोडायची आहे. मिटिंग कुठे भरते?’ नाव सांगायची गरज नाही. मग हे विचारून लिहून घ्या:

- कोणता वार, किती वाजता सुरू, किती वाजता संपते?
- नेमकी जागा कोणती? खूण काय?
- मिटिंग ‘ओपन’ की ‘क्लोज्ड’? ओपनला घरचे, मित्र कुणीही बसू शकतात. क्लोज्डला फक्त दारूचा त्रास असलेले.
- भाषा मराठी, हिंदी की इंग्रजी?
- पहिल्या दिवशी बसस्टँडवर कुणी घ्यायला येईल का?

शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. नव्या माणसाला आणायला जाणं हा जुन्या सभासदाच्या स्वतःच्या औषधाचा भाग असतो. तुम्ही त्याच्यावर भार टाकत नाही.

फोन बंद लागला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. पत्ता जुना निघाला, तर ‘हे आपल्या नशिबात नाही’ असा अर्थ काढू नका. गटांच्या जागा बदलतात.

पायरी ४ : बस, वेळ, पैसे

मिटिंग साधारण तास-दीड तासाची. संध्याकाळी उशिरा भरत असेल, तर परतीची शेवटची गाडी आधी विचारा. गाडी चुकणार असेल, तर मिटिंग संपायच्या पंधरा मिनिटं आधी उठून जाण्याची मुभा मागून ठेवा. ती मिळते.

भाड्याचे पैसे मोजके घ्या. बसस्टँडपासून मिटिंगच्या जागेपर्यंतचा रस्ता असा निवडा की वाटेत तुमचं नेहमीचं दुकान लागणार नाही. दोन तास आधी शहरात पोहोचून रिकामं फिरू नका. रिकामा वेळ आणि खिशातली नोट एकत्र आली, की पाय आपोआप वळतात. सोबत बायको किंवा बहीण येणार असेल, तर तिला एसटीत अर्धं तिकीट लागतं. खर्चाचा हिशेब तसा मांडा.

जेवून जा. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा ही चार कारणं तलफेला बोलावतात, असं मिटिंगमध्ये वारंवार ऐकाल. त्यातलं पहिलं दोन भाकरींत मिटतं.

पायरी ५ : पहिल्या मिटिंगमध्ये

जागा बहुधा शाळेची खोली, चर्चचा हॉल, समाजमंदिर किंवा दवाखान्यातली एखादी खोली असते. खुर्च्या, चहा, भिंतीवर एएच्या बारा पायऱ्यांचा, म्हणजे दारूतून बाहेर पडण्याच्या तिच्या कार्यक्रमाचा, तक्ता. कुणी एक जण मिटिंग चालवतो. सुरुवातीला एएची ओळख वाचली जाते, मग एकेक जण बोलतो. काय होतं, काय घडलं, आता कसं आहे. मध्ये कुणी तोडत नाही, उपदेश करत नाही.

बोलणारा आधी स्वतःचं नाव सांगतो आणि ‘मी मद्यपी’ म्हणतो. फक्त पहिलं नाव. आपल्याकडे या नियमाचं मोल फार मोठं. आडनाव उच्चारलं की गाव, जात, सोयरिक सगळं उघडं पडतं. कोण कुणाचा जावई आणि कुणाची शेती किती हेही पाच मिनिटांत कळतं. मिटिंगमध्ये शिक्षक, ट्रक ड्रायव्हर, सावकार आणि सालदार एकाच रांगेत नुसत्या नावानं बसतात.

तुमची पाळी आली, तर ‘आज फक्त ऐकतो’ एवढं म्हणा. चालतं. प्यायलेल्या अवस्थेत गेलात, तरी बहुतेक ठिकाणी बसू देतात. फक्त त्या दिवशी ऐका, बोलू नका.

ओळखीचा माणूस दिसला, तर घाबरू नका. तोही त्याच कारणानं आलाय. इथे कोण भेटलं, कोण काय बोललं, हे बाहेर काढायचं नाही. हा नियम त्यालाही लागू आहे आणि तुम्हालाही. बाजारात तो भेटला, तर ‘परवा मिटिंगला दिसला नाहीत’ असं चारचौघांत बोलू नका.

एक डबा किंवा टोपी फिरते. त्यातून खोलीचं भाडं, चहा आणि पुस्तकांचा खर्च निघतो. पहिल्या दिवशी काही न टाकता पुढे द्या. बाहेरच्या माणसाकडून, पुढाऱ्याकडून, सरकारकडून एए पैसे घेत नाही.

शेवटी प्रार्थना होते. पायऱ्यांमध्ये देवाचा उल्लेख येतो, आणि तिथे काही जणांचं पाऊल अडतं. तिथेच लिहिलेलं असतं की हा देव ज्याला जसा उमगेल तसा. वारकऱ्यानं विठ्ठल मानावा. बुद्धविहारात जाणाऱ्यानं पंचशीलातलं पाचवं शील आठवावं, ते मादक पदार्थांपासून दूर राहण्याचंच आहे. काहीही न मानणाऱ्यानं समोर बसलेल्या दहा जणांना आपल्यापेक्षा मोठी ताकद मानलं, तरी काम भागतं. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभं राहिल्यास कुणी विचारत नाही.

निघण्याआधी किमान दोन फोन नंबर मागून वहीत लिहा. पहिल्या मिटिंगमधून घरी नेण्यासारखी हीच मुख्य वस्तू.

पायरी ६ : पहिले तीन महिने

एएत नव्याला सांगतात, नव्वद दिवसांत नव्वद मिटिंगा करा. मुंबईत ते जमेल. मारेगावच्या माणसानं असं जुळवावं: आठवड्याला एक प्रत्यक्ष मिटिंग, उरलेल्या दिवशी ऑनलाइन, आणि इंटरनेट नसेल त्या दिवशी वहीतल्या एका नंबरवर पाच मिनिटांचा फोन. एकही दिवस कोरा जाऊ देऊ नका.

एका गटाबद्दल पहिल्याच दिवशी मत बनवू नका. निदान सहा वेळा जा. एखाद्या गटात एकच जण तासभर बोलतो, एखाद्यात जुनीच भांडणं चालतात. तसं वाटलं, तर दुसरा गट बघा, पण मिटिंग सोडू नका.

महिनाभरात एक ‘स्पॉन्सर’ धरा. हा पगारी समुपदेशक नसतो. काही वर्षं न पिता राहिलेला, बारा पायऱ्या स्वतः केलेला सभासद असतो. पुरुषानं पुरुष, बाईनं बाई धरावी. ज्याचं बोलणं ऐकून ‘हा माझंच सांगतोय’ वाटलं, त्याला विचारा. पैशाची देवघेव त्याच्याशी कधीही करू नका.

‘आयुष्यात पुन्हा पिणार नाही’ ही शपथ इथे कुणी घ्यायला लावत नाही. आजचे चोवीस तास प्यायची नाही, एवढंच. उद्याचं उद्या. शपथ मोडण्याची ज्यांना सवय लागली आहे, त्यांना ही मुदत पेलते. डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील, तर मिटिंगमधल्या कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.

पायरी ७ : धोक्याचे दिवस आधीच लिहून काढा

कॅलेंडर घ्या आणि या दिवसांवर खूण करा: पोळा आणि पोळ्याची कर, यवतमाळचा दुर्गोत्सव, दिवाळीनंतर कापसाचा चुकारा हातात येतो तो दिवस, होळी-धुळवड, घरातलं लग्न, निवडणूक. त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी मिटिंग ठरवा. चुकाऱ्याच्या दिवशी एकट्यानं परतू नका. रक्कम बँकेतून काढायची असेल, तर घरचं माणूस सोबत न्या. देवकार्यात मोहाची धार द्यायची रीत असेल, तर घरातल्या थोरल्याला आधीच सांगून ते काम दुसऱ्याच्या हातून करून घ्या. लग्नात परतायला स्वतःचं वाहन ठेवा, म्हणजे ‘गाडी निघेपर्यंत बस ना भाऊ’ म्हणणाऱ्यांच्या तावडीत सापडणार नाही.

पायरी ८ : घसरलात, तर

पुन्हा प्यायलात, तर त्याच आठवड्याच्या मिटिंगला जा. पुढच्या महिन्यात तोंड दाखवू, असं ठरवलं की तो महिना वर्षाचा होतो. खोलीत बसलेल्या बहुतेकांची एकतरी ‘स्लिप’ झालेली असते, तिथे तुमच्याकडे कुणी डोळे वटारत नाही. दिवसांची मोजणी एकपासून सुरू होईल. काय झालं ते सांगा: कोणता वार, कोण सोबत, खिशात किती पैसे. पुढच्या वेळी व्यवस्थेत कुठे भोक बुजवायचं, ते यातून कळतं. बरेच दिवस रोज पिणं झालं असेल, तर पायरी १ पुन्हा.

जगणं नकोसं झालंय असं मनात येत असेल, तर मिटिंगची वाट पाहू नका. १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालतो. घरच्या माणसाला जवळ बसवा आणि फवारणीची औषधं घराबाहेर हलवा.

घरच्यांसाठी

पिणाऱ्याला धरूनबांधून मिटिंगला नेता येत नाही. पण तो जात नसला, तरी तुम्ही स्वतःच्या मिटिंगला जाऊ शकता. अल-अनॉन ही पिणाऱ्यांच्या नातेवाइकांची वेगळी संघटना १९५१ पासून आहे, आणि किशोरवयीन मुलांसाठी तिचा अलाटीन हा भाग. ‘नवरा सुधारल्यावर बघू’ म्हणून थांबलेल्या बाईला तिथे कळतं की त्याचं कर्ज लपवणं, त्याच्या वतीनं मालकाला खोटी कारणं सांगणं, हे तिचं काम नाही. मारहाण होत असेल, तर आधी सुरक्षित जागा आणि ११२ नंबर, मिटिंग नंतर.

तो मिटिंगहून आला, की ‘काय बोललास, कोण होतं?’ विचारू नका. ‘जेवायला वाढू?’ पुरे.

पायरी ९ : जवळ गट नसेल, तर दोघांत सुरू करा

एएच्या रिवाजाप्रमाणे दारू सोडू पाहणारे दोन-तीन जण त्यासाठी एकत्र बसले, की त्यांना स्वतःला गट म्हणवता येतं. परवानगी, उद्घाटन, अध्यक्ष काहीही लागत नाही. काही महिने बाहेरच्या मिटिंगला गेलात, पद्धत कळली, की पुसद, वणी, दिग्रस, जिथे तुम्ही राहता तिथे हे करा:

१. वार आणि वेळ पक्की करा. आठवडी बाजाराचा वार सोयीचा, खेड्यांतून गाड्या असतात आणि घराबाहेर पडायला कारण लागत नाही. मात्र मिटिंग दुपारी ठेवा, बाजार उठून गुत्ते भरण्याआधी.

२. जागा तटस्थ घ्या. वाचनालय, शाळेची खोली, दवाखान्याचा कोपरा. पुढाऱ्याचं संपर्क कार्यालय नको. भाडं थोडं का असेना, द्या.

३. मुंबईच्या कार्यालयातून मराठी पुस्तिका मागवा आणि गटाची नोंद करा, म्हणजे हेल्पलाइनच्या यादीत तुमचा पत्ता जाईल.

४. जुन्या गटातल्या एखाद्याला महिन्यातून एकदा बोलवा.

५. कुणी आलं नाही, तरी ठरल्या वेळी खोली उघडा आणि तासभर बसा. नवा माणूस कोणत्या आठवड्यात येईल, हे आधी कळत नाही. तो आला आणि दाराला कुलूप दिसलं, तर पुन्हा येत नाही.

६. गटाचा वार, वेळ आणि जागा एका कागदावर लिहून ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना, आशाताईंना, पोलीस ठाण्याला आणि तालुक्यातल्या दारूबंदीसाठी झटणाऱ्या महिलांना द्या. फोन नंबर गटाचा ठेवा, नाव कुणाचंच नको.

या कागदामुळे तुमच्या तालुक्यातल्या पुढच्या माणसाची दुसरी पायरी वाचेल. त्याला पाच ठिकाणी शोधावं लागणार नाही. दवाखान्यात विचारलं की वार आणि वेळ कळेल, आणि तो फोन करेल तेव्हा उचलायची जबाबदारी तुमची असेल.